पाणी नितळ दिसतंय ना, तरी आधी स्ट्रिप बुडवा

घरात हॉट टब आहे म्हटल्यावर लोक दोनच गोष्टी विचारतात, लाईट बिल किती येतं आणि पाणी किती गरम होतं. पाण्यात नक्की काय असतं हे आजवर कुणीच विचारलेलं नाही, आणि माझा टबमागचा निम्मा वेळ तर त्यातच जातो. ओळखीतल्या अजून दोघांनी टब घ्यायचं ठरवलंय आणि दोघांना फोनवर तेच तेच सांगून घसा कोरडा पडलाय, म्हणून म्हटलं एकदाचं बसून लिहूनच टाकू, पुढच्याला सरळ लिंक पाठवता येईल.

मुळात गोंधळ इथे होतो की लोक टबला छोटा स्विमिंग पूल समजतात. तसं नाहीये. जरा हिशोब करा, घरगुती पूलमध्ये समजा ५० हजार लिटर पाणी आहे आणि चार जण उतरले, तर माणशी साडेबारा हजार लिटर आलं. टबमध्ये असतं १५०० लिटरच्या आसपास, म्हणजे माणशी पावणेचारशे. तोच घाम, तेच अंगाला लावलेलं क्रीम, तोच डिओ, कपड्यात राहून गेलेला साबण, सगळं त्या पावणेचारशे लिटरमध्ये, वर पाणी ३८-४० डिग्री, म्हणजे घाम येतच राहतो फक्त पाण्यात असल्यामुळे कळत नाही. त्यात क्लोरीन गरम पाण्यात भराभर संपतं आणि जेट (भिंतीतून जोरात पाणी-हवा सोडणाऱ्या तोट्या) चालू केले की अजून लवकर. पूलमध्ये दिवसभर टिकणारं क्लोरीन इथे चार माणसं तासभर बसली की जवळपास संपलेलं असू शकतं. त्यामुळे 'सकाळी चेक केलं होतं की' याला संध्याकाळी काही अर्थ नसतो.

माझा दीर आला की झाकण उघडून आत डोकावतो आणि म्हणतो, "वहिनी, तळ दिसतोय की, अजून काय पाहिजे?" तळ दिसतो म्हणजे गाळ नाही, एवढंच. जंतू गढूळ नसतात हो. तर आमच्याकडे नियम असा आहे की कुणीही उतरायच्या आधी स्ट्रिप (पाण्यातलं क्लोरीन वगैरे रंगाने दाखवणारी टेस्टची पट्टी). कोरड्या हाताने बाटलीतून एक काढायची आणि बाटलीचं झाकण लगेच लावायचं (ओल्या बोटांनी काढली की उरलेल्या सगळ्या स्ट्रिप दमट होऊन खोटे रंग दाखवायला लागतात), पाण्यात बुडवून काढायची, झटकायची नाही, आडवी धरायची आणि बाटलीवर लिहिलेत तेवढे सेकंद थांबून रंग जुळवायचा. झटकली तर एका चौकोनाचा रंग शेजारच्यात उतरतो. आणि हे पिवळ्या बल्बखाली करू नका, त्या उजेडात सगळंच बरोबर आल्यासारखं वाटतं.

आकडे लक्षात ठेवायचे ते असे. अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) सूचना मी पाळते, त्यात हॉट टबसाठी फ्री क्लोरीन (अजून वापरलं न गेलेलं) किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग), क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरत असाल तर ४ ते ८, आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) ७.० ते ७.८. यातला पीएच लोक सोडून देतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. क्लोरीन पाण्यात पडलं की त्याचं हायपोक्लोरस अॅसिड होतं आणि जंतू मारायचं काम मुख्यतः तेच करतं. पीएच ७.५ ला साधारण निम्मं क्लोरीन या कामाच्या रूपात असतं, ८ ला गेला की पाव भाग किंवा त्याहून कमी. म्हणजे स्ट्रिपवर क्लोरीन झकास दिसतंय आणि पाण्यात ते नुसतंच बसून आहे. वरून टबचा स्वभाव असा की पीएच आपोआप चढतो, कारण जेट पाणी घुसळतात, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर सरकतो. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) जास्त असेल तर अजूनच. ती ८० ते १२० पीपीएममध्ये बसवली की पीएचमागे पळायचं काम बरंच कमी होतं, म्हणून आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन, हा क्रम.

अजून एक गैरसमज, जो मला पाहुण्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो, तो म्हणजे क्लोरीनचा उग्र वास आला की पाणी एकदम शुद्ध. उलटं आहे ते. तो डोळे चुरचुरवणारा वास क्लोरामाईनचा, म्हणजे घाम-बिम यांच्याशी लढून वापरल्या गेलेल्या क्लोरीनचा. नीट ठेवलेल्या टबला फारसा वास येतच नाही. हॉटेलात किंवा कुणाच्या घरी टबजवळ गेल्यावर नाकात भसकन वास शिरला तर मी सरळ नको म्हणते, कुणाला राग आला तरी चालेल.

आता एवढं कशासाठी, तर दोन जंतूंसाठी. पहिला स्युडोमोनास. याच्यामुळे अंगावर खाजरे लाल फोड येतात, साधारणपणे टबमध्ये बसून गेल्यावर काही तासांपासून ते दोन-चार दिवसांत, आणि जिथे पोहण्याचे कपडे अंगाला चिकटून असतात तिथे जास्त. बहुतेक वेळा आपोआप जातात, पण ताप आला किंवा फोड वाढतच गेले तर डॉक्टर. पाण्याबाहेर आलं की ओले कपडे लगेच बदलायचे आणि साबणाने अंघोळ करायची, आणि आत जाण्याआधीही अंघोळ करायची. ही आधीची अंघोळ लोकांना अपमान वाटतो. "आम्ही काय घाण आहोत का?" अहो नाही, पण अंगावरचं क्रीम क्लोरीन खातं, तुमचं कॅरेक्टर नाही.

दुसरा लिजिओनेला, आणि हा खरा घाबरायचा. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन झालं, तिथे आलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडले, काही दगावले, आणि पुढच्या वर्षी हा जंतू सापडला. तो साधारण २५ ते ४५ डिग्री पाण्यात मजेत वाढतो, म्हणजे आपल्या टबचं तापमान त्याला अगदी सोयीचं. आणि तो पाणी प्यायल्याने नाही तर श्वासातून जातो, जेटमुळे जे बारीक तुषार उडतात त्यातून. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन होतं, तिथे व्हर्लपूल (म्हणजे जेटचे टबच) नुसते विक्रीसाठी मांडून चालू ठेवले होते. त्यात कुणी बसायला नव्हतं. लोक शेजारून चालत गेले, तेवढ्यावर आजारी पडले आणि ३० पेक्षा जास्त माणसं गेली. हे वाचलं तेव्हापासून 'मी आत उतरत नाही, नुसती काठावर बसते' असं कुणी म्हटलं तरी मी स्ट्रिप बघितल्याशिवाय जेट चालू करत नाही. पन्नाशीच्या पुढचे, सिगारेट ओढणारे, फुफ्फुसाचा आजार असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेले, यांना धोका जास्त. टब वापरल्यानंतर दोन आठवड्यांत खोकला, ताप, धाप असं काही झालं तर डॉक्टरांना टबचं आवर्जून सांगा, कारण ते स्वतःहून विचारतीलच असं नाही आणि लिजिओनेलाची टेस्ट वेगळी करावी लागते.

टब बंद खोलीत असेल तर अजून एक त्रास, तुषारांबरोबर मायकोबॅक्टेरिया जातीचे जंतू छातीत जाऊन फुफ्फुसाला सूज येते, त्याला हॉट टब लंग असंच नाव आहे. त्यामुळे खोलीतला टब असेल तर एक्झॉस्ट फॅन हवाच हवा, आणि खिडकी 'वाफ बाहेर जाते, थंडी लागते' म्हणून बंद करायची नाही.

हे जंतू टबच्या दिसणाऱ्या भागात कमी आणि पाइपांच्या आत जास्त असतात. आत बुळबुळीत थर बसतो, तो क्लोरीनला जुमानत नाही. फिल्टर दर आठवड्याला काढून पाइपच्या धारेने घड्या-घड्यांतून धुवायचा, महिन्यातून एकदा फिल्टर क्लीनरमध्ये भिजवायचा. आणि पाणी बदलायच्या आधी लाइन फ्लश (पाइप आतून साफ करायचं केमिकल) घालून जेट चालवायचे. पहिल्यांदा केलं की वर जो तपकिरी-हिरवट फेस आणि पापुद्रे तरंगून येतात ना, ते बघून आमच्या घरात कुणी दोन दिवस टबचं नाव काढलं नव्हतं. आणि हे सगळं नितळ दिसणाऱ्या पाण्यातून निघालं होतं.

पाणी कधी बदलायचं याचा एक चांगला हिशोब आहे. टबचे लिटर भागिले साधारण ११.४, आणि जे येईल ते भागिले रोज बसणारी माणसं. १५०० लिटर आणि रोज दोघं, तर ६५ दिवसांच्या आसपास. वापर कमी असला तरी तीन-चार महिन्यांच्या पलीकडे मी नेत नाही, कारण डायक्लोर (क्लोरीनचा एक प्रकार) वापरलं की त्यातलं सायन्युरिक अॅसिड पाण्यात साठत जातं आणि क्लोरीनला ढिलं करतं, आणि ते काढायचा घरगुती उपाय एकच, पाणी ओतून द्या.

आता गरमपणा. "मावशी, ४२ कर ना, मज्जा येईल," असं भाचा दर वेळी म्हणतो आणि मी दर वेळी नाही म्हणते. ४० डिग्री ही धडधाकट मोठ्या माणसाची शेवटची मर्यादा आहे, ती सुरुवात नाही. कारण साधं आहे, शरीर आपलं ३७ ला असतं, बाहेर गरम झालं तर घाम वाळून ते थंड होतं, पण पाण्यात बुडालेल्या अंगावर घाम वाळणार कसा? ४० च्या पाण्यात उष्णता बाहेर जायची सोडून आत येत राहते आणि आपल्याला मात्र छान सैल वाटत असतं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे साधारण ४३ डिग्री पाण्यात झोप येऊन, शुद्ध हरपून बुडाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, त्यानंतरच कंपन्यांच्या टबला ४० ची मर्यादा घालणारे नियम आले. आम्ही ३८ ठेवतो. डिस्प्लेवर भरवसा न ठेवता एक वेगळा थर्मामीटर दोरीला बांधून पाण्यात सोडलाय, कारण सेन्सर बिघडला तर डिस्प्ले खुशाल ३८ दाखवत राहील.

वेळ पंधरा मिनिटं, फार तर वीस. मग बाहेर येऊन पाणी प्यायचं, गार व्हायचं, वाटलं तर परत जायचं. उठताना एकदम उठायचं नाही, आधी काठावर बसायचं, कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी खाली येतं आणि ताडकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. बीपीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, नकोच, शरीराचं तापमान वाढलं तर बाळाच्या मेंदू-मणक्याला धोका असतो. आणि दारू. जाहिरातीत टब म्हटलं की हातात ग्लास असतोच, तो फोटो ज्याने पहिल्यांदा काढला त्याला माझा नमस्कार. दारूनेही रक्तवाहिन्या पसरतात, झोप येते, आणि आपल्याला गरम होतंय हेच कळत नाही. आमच्याकडे ग्लास टब झाल्यावर, आधी नाही. रुसायचं असेल तर रुसा. एकट्याने बसणं पण मी टाळते, घरात कुणीतरी जागं असावं आणि त्याला माहीत असावं.

लहान मुलं. पाच वर्षांखालच्यांना आत घेऊच नका, त्यांचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं आणि ती पाणीही गिळतात. मोठ्या मुलांना तापमान उतरवून, थोडाच वेळ, आणि हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाईल नाही असं. मूल बुडताना सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, आवाजच येत नाही. म्हणून कव्हरला लॉक, चारही पट्टे बंद, दर वेळी, 'आत्ता परत बसायचंच आहे' असं असलं तरी. आणि उघडताना कव्हर पूर्ण काढायचं, अर्धं दुमडून ठेवायचं नाही, मूल त्या अर्ध्या कव्हरखाली अडकू शकतं. कव्हरच्या आतला फोम पाणी पिऊन जड झाला की बदला, ते एकट्याला उचलता येत नाही म्हणून मग लोक अर्धंच उघडायला लागतात.

तळाशी किंवा बाजूला जी सक्शनची (मोटर जिथून पाणी आत ओढते ती) जाळी असते ती एकदा स्वतः हात लावून बघा. सैल आहे का, तडा गेलाय का, स्क्रू आहेत का. २००२ मध्ये अमेरिकेत ग्रेम बेकर नावाची ७ वर्षांची मुलगी हॉट टबच्या ड्रेनला खेचली गेली, आईला ओढून निघाली नाही, शेवटी दोन माणसांनी इतक्या जोराने ओढलं की ड्रेनचं कव्हरच तुटलं, तेव्हा सुटली, पण तोवर उशीर झाला होता. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात, आणि तिच्या नावाने २००७ मध्ये कायदा झाला, ज्यामुळे सार्वजनिक पूल आणि टबना अडकू न देणाऱ्या जाळ्या सक्तीच्या झाल्या. घरच्या टबला कुणी तपासायला येत नाही, ते आपणच. जाळी तुटलेली दिसली तर मोटर बंद, त्या दिवशी टब नाही, चर्चा नाही. लांब केस वर बांधायचे, सैल नाड्या-दागिने काढायचे, आणि पाण्याखाली डोकं घालायचं नाही. मोटर बंद करायचा स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, पाहुण्यांनाही दाखवा.

विजेचं मी फार लिहित नाही कारण ते आपण करायचंच नसतं, लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन करेल. पण त्याच्याकडून करून घ्यायचं ते हे: टबसाठी वेगळी लाइन, नीट अर्थिंग, विजेची गळती झाली की क्षणात तोडणारा ब्रेकर (काही देशांत त्याला आरसीसीबी म्हणतात, काही ठिकाणी जीएफसीआय), आणि टबमधून दिसेल पण बसल्या जागेवरून हात पोचणार नाही असा मेन स्विच. ब्रेकरवर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबा, खटकन पडला पाहिजे. तो वारंवार आपोआप पडत असेल तर 'नाजूक आहे' म्हणून बदलून टाकू नका, बहुतेक वेळा हिटरमध्ये कुठेतरी खरंच गळती असते. एक्स्टेन्शन बोर्ड नाही, चार्जिंगला लावलेला फोन काठावर नाही. आकाशात गडगडलं की बाहेर.

वजनाचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. १५०० लिटर म्हणजे दीड टन, टबचे तीनशे किलो, पाच माणसांचे साडेतीनशे, झाले दोन टनांच्या वर, आणि हे सगळं दोन बाय दोन मीटरवर. चौरस मीटरला पाचशे किलोपेक्षा जास्त, आणि घराचा स्लॅब वापराच्या वजनासाठी सहसा दोनशेच्या आसपास धरलेला असतो. गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवायचा विचार असेल तर दुकानदार 'काही होत नाही हो' म्हणेल, स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या. जमिनीवर सपाट काँक्रीट असेल तर प्रश्नच मिटला.

केमिकलबद्दल मात्र मी कडक आहे. पाण्यात केमिकल घालायचं, केमिकलवर पाणी कधीच ओतायचं नाही. एक घातलं, जेट चालवून मिसळू दिलं, मग दुसरं. पीएच उतरवायचं अॅसिड आणि क्लोरीन एकमेकांना भेटले की क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोघांचे चमचे वेगळे, डबे वेगळ्या कप्प्यात. दोन प्रकारची क्लोरीनसुद्धा एकत्र करायची नाहीत, नुसतं ट्रायक्लोरच्या चमच्याने कॅल्शियम हायपोक्लोराइट काढलं तरी पेट घेऊ शकतं. पूलच्या त्या मोठ्या ट्रायक्लोर गोळ्या टबमध्ये टाकू नका, फार आम्लधर्मी असतात, हिटर खाऊन टाकतात. घालताना वारा कुठून येतोय बघायचं आणि तोंड बाजूला ठेवायचं, आणि घातल्यावर कव्हर वीसेक मिनिटं उघडं ठेवायचं (जवळ उभं राहून), नाहीतर निघालेला वायू कव्हरखाली कोंडून ते सडवतो आणि पुढच्या वेळी उघडणाऱ्याच्या नाकात जातो. जास्त डोस घातला असेल तर क्लोरीन १० पीपीएमच्या खाली येईपर्यंत मी तरी कुणाला उतरू देत नाही.

गावाला जाताना सगळेच विचारतात की टबचं काय करू. आठवडाभराचा प्रश्न असेल तर मी तापमान उतरवते, पीएच बसवते, क्लोरीनचा मोठा डोस घालते, फिल्टरचं सर्क्युलेशन चालू ठेवते आणि कव्हर लॉक. महिनाभर जायचं असेल तर लाइन फ्लश करून पूर्ण रिकामा, पाइपात साचलेलं पाणीही ब्लोअरने बाहेर काढायचं, कारण साचलेलं कोमट पाणीच त्या बुळबुळीत थराला आवडतं. परत आल्यावर थकून-भागून पहिली इच्छा होते ती सरळ आत शिरायची. पण त्या दिवशी फक्त स्ट्रिप आणि क्लोरीनचा मोठा डोस, माणसं सगळी लांब ठेवून जेट चालवायचे, दुसऱ्या दिवशी परत स्ट्रिप, आकडे टिकून असतील तर बसा. क्लोरीन रात्रीत शून्यावर आलं असेल तर आत काहीतरी ते खातंय, मग नितळ असो नाही तर काही असो, ते पाणी मी ओतूनच देते.